बोरखडीची पाच जणांची टीम

बोरखडीची कबड्डीची टीम शेवटचा सामना कधी जिंकली हे विचारायचं असेल तर गावात जरा पिकलेला माणूस गाठावा लागतो. तरण्या पोरांना ठाऊकच नाही. एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत गावात नळ आला आणि नळाला पाणी यायचं बंदही झालं, चार सरपंच झाले, अनसिंगहून येणारा रस्ता तीनदा झाला आणि तीनदा उखडला. पण सव्वीस जानेवारीच्या सामन्यात बोरखडी पहिल्याच फेरीत घरी बसते, यात काडीचा फरक पडला नाही. आणि सामने तरी कोणाचे? स्वतःच्याच गावचे. मंडप आपला, माइक आपला, पाहुण्या टीमांना पोहे आपले, आणि दुपारच्या जेवणाच्या आत बाहेर कोण, तर आपणच.

फाट्यावर मदनसिंगचं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे टिनाचं शेड, दोन बाकडी आणि एक भट्टी. जानेवारी लागला की तिथं चहाबरोबर एकच विषय उकळतो: टीम का हरते? एक गट म्हणतो, खेळाडूंत दम नाही, मोबाईलनं पोरं वाया गेली. दुसरा म्हणतो, पोरं वाघ आहेत, मैदान चुकीच्या तोंडाचं आहे, दुपारचं ऊन आपल्याच डोळ्यांत येतं. तिसरा गट सगळ्यात मोठा. तो म्हणतो, पोरांचा दोष नाही, मैदानाचा नाही, व्यवस्थापन खराब आहे. हे बोलणाऱ्यांतल्या निम्म्यांनी जन्मात कधी मैदानात पाय टाकलेला नाही, एकाला तर गटार ओलांडताना दम लागतो. पण कबड्डी कशी खेळावी हे त्यांना विचारा, भट्टी विझेपर्यंत सांगतील.

आणि व्यवस्थापन म्हणजे कोण? कंपनी नाही, कमिटी नाही. एकटा उकंडराव खिल्लारे. मंडळाचा व्यवस्थापक तोच, कोच तोच, मैदानावर चुना मारणारा तोच, आणि सामना हरल्यावर पोरांच्या पायाला हळद-तेल चोळणारासुद्धा तोच. वय एकसष्ट. उंची बेताची, मान जाड, आणि डाव्या हाताची दोन बोटं वाकडी, कोण्या काळी एका रेडरचा घोटा धरताना मोडलेली. बत्तीस वर्षं शाळेत शिपाई होता. गेल्या वर्षी सेवानिवृत्त झाला तेव्हा बायको चंपाबाई म्हणाली होती, की शाळेची घंटा सुटली, आता ही कबड्डी कधी सुटते ते एकदा सांगून टाका. तो दुसऱ्या दिवशी सकाळी चुन्याची बादली घेऊन मैदानावर गेला.

टीम का हरते, याचं खरं उत्तर सगळ्या गावाला माहीत होतं, निदान तसं सगळ्यांना वाटत होतं. कबड्डी सात जणांची असते. बोरखडी पाच जणांनी खेळते. एकोणीस वर्षं, दरवर्षी, समोर सात आणि आपले पाच. माणसं मिळत नाहीत म्हणून नाही. गावात दणकट पोरं ढिगानं आहेत. पण त्या दोन जागांवर उकंडराव कोणाला उभं राहू देत नाही. परगावचा माणूस हे ऐकतो तेव्हा आधी हसतो, मग विचारतो, तुमचा व्यवस्थापक डोक्यानं बरा आहे ना?

ते कसं झालं ते सांगितलं पाहिजे.

आधी बोरखडीत दोन टीमा होत्या. गावाची एक, भीमनगरची एक. बंजारा तांड्यावरची पोरं दोन्हीकडं लागतील तशी खेळायची. एका वर्षी दोन्ही टीमांत एका आऊटवरून जुंपली. पंच कोणाचा, माणूस आऊट का नॉट आऊट, एवढ्यावरून काठ्या निघाल्या, डोकी फुटली, पोलिसांची गाडी आली, आणि सहा महिने गावातला माणूस भीमनगरच्या माणसाला रामराम घालीना. तेव्हा तिघे जण शाळेच्या कडुलिंबाखाली बसले. गावातला शेषराव, भीमनगरचा उकंडराव, तांड्यावरचा उदयसिंग. तिघंही खेळणारे, तिघांनाही मार बसलेला. त्यांनी ठरवलं, टीम एकच. गावाचे तीन, भीमनगरचे दोन, तांड्याचे दोन. ज्याच्या जागा त्याच्या. कमी-जास्त नाही, चांगला-वाईट नाही. त्याच जानेवारीत उदयसिंगनं अशा रेडी मारल्या की बोरखडी चौथ्या फेरीपर्यंत गेली, आणि शेषरावनं उकंडरावला खांद्यावर घेऊन मंडपाला फेरी मारली. शेषरावच्या वडलांनी ते पाहिलं आणि तोंड फिरवलं. पण फिरवलं नुसतं, बोलले काही नाहीत. तेवढंही त्या काळात पुष्कळ होतं.

पुढच्या दिवाळीनंतर उदयसिंग ऊसतोडीला निघाला. तांड्याची बरीच घरं आधीपासून जायची, त्याची पाळी त्या वर्षी आली. ट्रक उभा होता, रामीबाई, म्हणजे त्याची बायको, भांडी-चुलीसकट वर चढून बसली होती, बादल नावाचं पाच-सहा वर्षांचं पोरगं तिच्या मांडीवर. उदयसिंग ट्रक सोडून पळत भीमनगरात आला. त्याला एकच विचारायचं होतं. आम्ही कारखान्यावर गेलो की आमच्या जागा तुम्ही भराल, भरणाऱ्यांना सवय होईल, मग उन्हाळ्यात आम्ही आलो की आम्ही मैदानाच्या बाहेर, असं होईल का? उकंडरावनं तिथंच बसलेल्या शेषरावच्या समोर शब्द दिला. "तुमच्या दोन जागांवर कोनी उभं राह्यनार नाई. रिकाम्या राह्यतीन, पन तुमच्याच राह्यतीन."

आता हा शब्द एवढा का लागला त्याला? त्याचंही कारण होतं, पण ते तो कोणाला सांगत नसे. तो वीस-एकवीसचा असताना गावची टीम त्याला बोलवायची. डाव्या कोपऱ्यात त्याच्यासारखा घोटा धरणारा दहा गावांत नव्हता. अनसिंगच्या सामन्यात तीन फेऱ्या तो खेळला, तिन्ही त्याच्या पकडीवर जिंकल्या. फायनलच्या दिवशी सकाळी गावातल्या एका बड्या घरचा भाचा सुटीला आला. त्यालाही कबड्डीची हौस. उकंडरावला कोणी शिवी दिली नाही, हाकललं नाही. "उकंड, तू जरा बस," एवढंच म्हणाले. तो बसला. चड्डी घातलेली, पायाला माती लावलेली, सगळी फायनल त्यानं दोरीच्या बाहेर उकिडवं बसून पाहिली. टीम जिंकली. जिंकली त्याचं त्याला जास्त लागलं. तेव्हापासून कोणाला जागेवरून उठवलेलं त्याला पाहवत नसे.

म्हणून त्यानं शब्द पाळला. उदयसिंगला वाटलं होतं एक-दोन वर्षांचा प्रश्न आहे. कशाचं एक-दोन? तांड्याचं जाणं वाढत गेलं. आधी दिवाळीनंतर जायचे, मग दसऱ्यालाच जायला लागले. उदयसिंगचे भाऊ गेले, भावांची पोरं गेली, मांडीवरचा बादल मोठा होऊन कोयता घेऊन गेला. सव्वीस जानेवारीला तांड्यावर उरतात म्हातारे आणि त्यांच्या कोंबड्या. आणि बोरखडी पाच जणांनी मैदानात उतरते. समोरची टीम पहिल्यांदा पाहते तेव्हा पंचाला विचारते, यांचे दोघे कुठं गेले? पंच सांगतो, यांचं असंच असतं, सुरू करा.

पहिली काही वर्षं गावाला त्याचा अभिमान होता. माइकवरून सांगायचे, आमचे दोन खेळाडू कारखान्यावर आहेत, त्यांच्या जागा आम्ही राखल्या आहेत. टाळ्या पडायच्या. पण टाळ्या किती वर्षं पडणार? हरणं जुनं झालं की त्याचं कारणही शिळं होतं. आसपासच्या गावांत पोरं म्हणायला लागली, बोरखडी पहिल्या फेरीत आली म्हणजे आपली दुसरी फेरी पक्की.

या सगळ्यात सगळ्यात जास्त होरपळला तो उकंडरावचाच पोरगा, संघदीप. बापाचाच डावा कोपरा त्याच्याकडं आलेला. अनसिंगला सिमेंटच्या दुकानात पोती उचलायचा, बारा वर्षं टीमकडून खेळला, आणि बारा वर्षांत एकदाही जिंकलेल्या टीमच्या फोटोत उभा राहिला नाही. वय बत्तीस. उजवा गुडघा दोनदा निखळून बसलेला. सामने पासष्ट किलो वजन गटाचे, आदल्या दिवशी सगळ्यांना धान्याच्या इलेक्ट्रिक काट्यावर उभं करतात, शंभर ग्रॅम जास्त भरलं की घरी. संघदीप या वर्षी अडुसष्टचा होता. आठ दिवस अर्धी भाकर आणि ताक, वर स्वेटर घालून भर उन्हात धावायचा. त्याची बायको सपना ताटातली पोळी मोडून त्याच्या तोंडापाशी न्यायची, तो मान फिरवायचा. हे शेवटचं वर्ष, एवढं त्यानं घरात सांगून टाकलं होतं. बापाला नाही, आईला. म्हणजे बापालाच.

तर या जानेवारीत, सामन्याच्या चार दिवस आधी, मदनसिंगच्या हॉटेलात पुन्हा तोच विषय तापला. उकंडराव माइकवाल्याला निरोप द्यायला फाट्यावर आला होता. मागच्या बाकड्यावर बसला. लोकांनी पाहिलं, आवाज कमी केला नाही. पूर्वी करायचे.

तिसऱ्या गटानं सुरुवात केली. जगात कुठं अशी टीम आहे का, जी ठरवून दोन माणसं कमी घेऊन खेळते? याला व्यवस्थापन म्हणायचं का उपास? पहिल्या गटातला एक म्हणाला, सात उभे केले तरी हेच होणार. त्यावर दोघे उठून उभे राहिले, बशा वाजल्या. मग शेषराव बोलला. शेषराव आता पासष्टीला टेकलेला, काठी घेऊन येतो. तो म्हणाला, कडुलिंबाखाली मीही होतो, शब्द माझ्यासमोर दिला, पण तो एका हंगामाचा होता, आपण त्याला सातबारा करून बसलो. आणि मग मदनसिंगनं भट्टीवरून मान वर केली. हा मदनसिंग स्वतः तांड्याचा. हॉटेलामुळं तेवढा गावात राहिलेला. तो बोलायला लागला तसे सगळे त्याच्याकडं वळले.

"मी तांड्याचा हावो म्हनून सांगतो, उकंडभाऊ. भरून टाका जागा. तिकडं कोनाले आठवन नाई राह्यली आता. तुमीच धरून बसले."

उकंडराव चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून बसला होता. तेवढ्यात दारातून संघदीप आत आला, दुकानातून परत येताना थांबलेला, अंगावर सिमेंटची पांढरी धूळ, गाल बसलेले. त्याला कोणी चहा विचारला नाही, वजनाचं सगळ्यांना माहीत होतं. तो बापाच्या समोर उभा राहिला. चारचौघांत बापाला उलट बोलायची त्याची रीत नव्हती, आणि तो उलट बोललाही नाही.

"बाबा, बारा वर्सं झाली. मले कप नको. एक डाव सात जनाईत उभं राहून पाह्यचं हाय."

संघदीप निघून गेला, हॉटेलही लवकर रिकामं झालं. लोकांना वाद घालायला आवडतो, पण असलं काही समोर झालं की चपला सापडायला लागतात.

घरी चंपाबाईनं सगळं आधीच ऐकलं होतं. बोरखडीत बातमी माणसाच्या आधी घरी पोचते. तिनं भाकर वाढली आणि सरळ म्हणाली, फोन लावा ना उदयसिंगला. तुमच्या हातात मोबाईल आहे, त्याच्या हातात आहे. विचारा, की यंदा भरू का. हो म्हणाला तर भरा, नाही म्हणाला तर राहू द्या. यात एवढं डोकं धरून बसण्यासारखं काय आहे? बरोबरच होतं तिचं. बायांना अशा गोष्टी फार लवकर दिसतात, आणि पुरुषांना दिसल्या तरी करवत नाहीत.

उकंडरावनं मोबाईल घेतला. नाव काढलं. अंगठा तसाच ठेवून बसला. उदयसिंग हो म्हणेल हे त्याला ठाऊक होतं. भिडेखातर म्हणेल, हसत म्हणेल, आणि मग फडातल्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत, जाऊन गप बसेल. उकिडवं बसलेला माणूस कसा हो म्हणतो, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत? आणि समजा नाही म्हणाला, तर घरातल्या पोराला काय सांगायचं? त्यानं मोबाईल खिशात टाकला. तीन दिवस त्यानं तो काढला आणि ठेवला, काढला आणि ठेवला. पंचवीस तारखेला काट्यावर संघदीप चौसष्ट किलो आठशे भरला, पोरांनी त्याला उचललं, आणि तो वरून बापाकडं पाहत होता. नुसतं पाहत होता. उकंडरावनं पंचाच्या वहीत सात नावं सांगितली. सहावं आणि सातवं नाव गावातल्या दोन दणकट पोरांचं. पंचानं ती दोनदा विचारून घेतली.

फोन मात्र लावला नाही. हीच खरी चूक. जागा भरली ही नव्हे.

सव्वीस तारखेला झेंडा झाला, भाषणं झाली, आणि अकरा वाजता माइकवरून पुकारा झाला की बोरखडी विरुद्ध रिठद. बोरखडीचे सात जण एका रांगेत मैदानात आले तेव्हा आधी कोणाच्या लक्षातच आलं नाही. मग एका म्हातारीनं मोठ्यानं मोजले. मंडपात अशी आरोळी उठली की रिठदची पोरं दचकली. शेषराव काठी टाकून उभा राहिला. उकंडरावच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यानं ते चुन्याच्या हातानं पुसलं आणि डोळे जास्तच चुरचुरले.

पहिल्या पाच मिनिटांत बोरखडीला तीन गुण, रिठदला एकही नाही. संघदीपनं एक घोटा असा धरला की रेडर जागेवर बसला. लोक नाचत होते. तिसऱ्या गटाचे लोक पहिल्या गटाच्या लोकांना शोधत होते.

आणि मग रिठदचा एक बारीक, काळासावळा रेडर आला. त्यानं कोणाला हात लावला नाही. आत घुसला, मागच्या रेघेपलीकडं पाय टेकवला, परत गेला. पंचानं बोट वर केलं. एक गुण. पुन्हा आला, पुन्हा तेच. एक गुण. बोरखडीची पोरं एकमेकांकडं पाहायला लागली.

बोनसची रेघ होती ती. समोर सहा किंवा सात जण उभे असले की मागच्या त्या रेघेपलीकडं पाय टेकला तरी रेडरला गुण मिळतो. पाच असले की ती रेघ मेलेली, तिचा उपयोग नाही. एकोणीस वर्षं बोरखडी पाचांनी उभी राहिली होती. त्या रेघेची राखण करायची असते हे पोरांना कोणी शिकवलंच नव्हतं, कारण कधी कामच पडलं नव्हतं. उकंडराव दरवर्षी चुन्यानं ती रेघ मारायचा. मारायचा आणि विसरायचा.

तो बाहेरून ओरडला, मागं पाय ठेवा, रेघ झाका. पोरं मागं सरकली, तर सात जण एवढ्याशा जागेत एकमेकांना धडकायला लागले. पाच जणांना मोकळं उभं राहायची सवय. मधे फट असते, तिथं दोन पावलं टाकायची, तिरकं जायचं, हे सगळं अंगात बसलेलं. आता फट होती तिथं माणूस. एकानं धरायला हात टाकला तर शेजारच्याच्या दंडावर पडला. रेडर मधून निसटून जायचा आणि बोरखडीचे दोघे एकमेकांच्या गळ्यात. मंडपातली पाहुणी माणसं हसायला लागली. आपली माणसं आधी ओरडली, मग तीही गप झाली.

दुसऱ्या डावात संघदीप घोट्यासाठी खाली गेला. तेच धरायला सहाव्या नावाचं ते दणकट पोरगंही आलं, मनापासून आलं बिचारं, आणि सगळं वजन घेऊन संघदीपच्या उजव्या गुडघ्यावर पडलं. आवाज मंडपापर्यंत आला. त्याला उचलून बाहेर आणलं. सामना थांबला नाही. बोरखडीवर लोण चढलं, म्हणजे सगळेच बाद, पाठोपाठ दुसरं चढलं. सत्तेचाळीस विरुद्ध सोळा. मागच्या वर्षी पाच जणांनी खेळून एकतीस-एकोणीस झाला होता. माइकवाला गुण वाचताना अडखळला, त्याला वाटलं कागद उलटा धरलाय.

उकंडराव पोराचं डोकं मांडीवर घेऊन खाली बसला. गुडघा सुजून वर आला होता. आठ दिवसांचा उपाशी जीव, ओठ पांढरे पडलेले. संघदीप रडत नव्हता. तो मैदानाकडं पाहत होता, तिथं आता दुसऱ्या गावांची पोरं उतरत होती.

"बाबा," तो म्हणाला, "सात जन उभे राह्यले त मले माही जागाच नाई सापडली."

त्याला वाशिमला नेलं. डॉक्टरांनी पाय बांधून दिला आणि पोती उचलायचं काम विसरा म्हणाले. कबड्डीचं तर त्यांनी विचारलंही नाही. मदनसिंगच्या हॉटेलात त्या संध्याकाळी वाद झाला नाही. वाद घालायला काही उरलंच नव्हतं. एकोणीस वर्षं लोक म्हणत होते, दोन जागा रिकाम्या आहेत म्हणून हरतो. हे म्हणताना त्यांच्या पोटात कुठंतरी एक सुख होतं, की त्या भरल्या की आपण जिंकू. ते सुखही आता गेलं. शेषराव दुसऱ्या दिवशी म्हणे, मंडळ बंद करा. कोणी नाही म्हणालं नाही.

दोन दिवसांनी सकाळी उदयसिंगचा फोन आला. सामन्यानंतर तो दरवर्षी करायचा. गुण विचारायचा, हसायचा, म्हणायचा, आम्ही नव्हतो म्हणून वाचले तिकडचे. उकंडराव अंगणात बाजेवर बसला होता. आत संघदीप झोपलेला, सपना त्याचा पाय उशीवर ठेवत होती. मोबाईल वाजत होता आणि उकंडराव त्याच्याकडं पाहत होता. शेवटी चंपाबाईच येऊन बटण दाबून त्याच्या हातात देऊन गेली.

पलीकडं वारा होता, ट्रॅक्टरचा आवाज होता. उकंडराव सुरुवात कुठून करावी ते शोधत होता. उदयसिंगनंच सोडवलं.

"सांगू नका, उकंडभाऊ. आमी पाह्यलं. गावातल्या कोन्यातरी पोरानं मोबाईलवर लाइव लावलं होतं, बादलनं सगळ्याईले बोलावलं. धा-बारा जन होतो. कोयते खाली ठेवून पाह्यलं."

उकंडरावनं विचारलं, किती पाहिलं.

"सात जन उतरले तवापासून पाह्यलं. दुसऱ्या लोणाले बादलनं मोबाईल बंद केला." मग उदयसिंग म्हणाला, आणि त्याच्या आवाजात राग नव्हता, राग असता तर बरं झालं असतं. "तो लहान होता तवापासून मी त्याले सांगत आलो, आपुन नाई म्हनून गाव हारते. आपली वाट पाह्यते गाव. कोपीत थंडी वाजे, पोरगं रडे, त मी हेच सांगो. त्याले खरं वाटे. मलेबी वाटे."

उकंडराव म्हणाला, चुकलं माझं, फोन करायला पाहिजे होता. उदयसिंग म्हणाला, अरे, केला असता तर मी हो म्हटलं असतं, त्याचं काही नाही. संघदीपच्या पायाचं विचारलं. रामीबाईनं बाजूनं काही सांगितलं, तेही त्यानं पोचवलं, की गुडघ्याला गरम विटेचा शेक द्या. मग सहज सांगावं तसं सांगितलं, की यंदा हंगाम संपला की परत येत नाही. इथंच एका वीटभट्टीवर बारमाही काम मिळतंय, बादलला बायकोसकट ठेवून घेतात. रामनवमीला पोहरादेवीला दर्शनाला येऊ, पण तिथूनच माघारी. गावात थांबायचं कशाला, घराचं छप्पर तर दोन वर्षांखालीच बसलं.

'ये ना गड्या, तुही जागा हाय अजून,' असं म्हणायला उकंडरावनं तोंड उघडलं. शब्द ओठांवर आला होता, एकोणीस वर्षं तोच एक शब्द त्याच्याजवळ होता. आणि तो म्हणायचा हक्क आपण पंचाच्या वहीत लिहून दिला, हे त्याच्या ध्यानात आलं.

"जिवाले सांभाळजो," एवढंच तो म्हणाला.

"तुमीबी," उदयसिंग म्हणाला, आणि कामावर जायचं म्हणून त्यानं फोन ठेवला.